सिंकच्या कोपऱ्यातली चीर

नमस्कार, श्रोतेहो.

स्वयंपाकघराचा ओटा नवा करायचा ठरलं की घरात पहिली चर्चा रंगाची होते. काळा की पांढरा, ठिपक्यांचा की शिरांचा, यात आठवडा जातो. मी स्वयंपाकघरांच्या आखणीचं काम करते. माझा पहिला प्रश्न रंगाचा नसतो. मी विचारते, सिंक आणलंत का? कारण मी पाहिलेल्या तडकलेल्या ओट्यांपैकी बहुतेकांची चीर सिंकच्या कोपऱ्यातूनच निघालेली होती.

आमच्या घरीही तेच झालं. तेव्हा मी या कामात नव्हते. सिंकसाठी दगडात चौकोन कापला, कोपरे अगदी सुबक, काटकोनात. सिंकच्या पुढे दगडाची जेमतेम चार बोटं रुंद पट्टी उरली, आणि तिच्याखाली आधार काहीच नव्हता. सात-आठ महिन्यांनी एका सकाळी ओटा पुसताना फडक्याचा धागा कशात तरी अडकला. वाकून पाहिलं तर कोपऱ्यातून पुढच्या कडेपर्यंत केसाएवढी रेघ गेलेली. आधी ती दिसेल न दिसेल अशी होती. मग ओल आणि तेल मुरत गेलं आणि ती काळपट झाली. बसवणाऱ्याने सांगितलं, ‘दगडच तसा निघाला.’ दगडाचा काही दोष नव्हता. काटकोनी कोपऱ्यात सगळा ताण एका बिंदूवर येतो. तोच कोपरा गोलसर ठेवला की ताण पसरतो. म्हणून जाणता कारागीर आधी चारही कोपऱ्यांत गोल भोकं पाडतो आणि मग ती सरळ कापांनी जोडतो. एवढीशी गोष्ट, पण तिच्यासाठी सिंक हातात हवं. कागदावरच्या मापाने भोक पाडू देऊ नका.

आता दगडाकडे येऊ.

ग्रॅनाइट हा पृथ्वीच्या पोटात हळूहळू थंड झालेला दगड. म्हणून त्याचे कण मोठे, एकमेकांत घट्ट गुंतलेले. सुरीने सहसा ओरखडत नाही, उष्णता चांगली सोसतो. तरी चुलीवरून उतरवलेलं तापलेलं भांडं थेट त्यावर टेकवू नये. एकाच जागी दगड एकदम तापला तर क्वचित तडकतो. बाजारात ग्रॅनाइट म्हणून मिळणारा प्रत्येक दगड भूगर्भशास्त्राच्या भाषेत ग्रॅनाइट असतोच असं नाही. गडद काळ्यांपैकी बरेच वेगळ्या जातीचे असतात. ओट्याला त्याने काही बिघडत नाही. फरक पडतो तो दगड पाणी किती पितो याचा. नमुन्याच्या तुकड्यावर पाण्याचे चार थेंब टाका आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुसा. खाली गडद डाग दिसला तर दगड शोषणारा आहे, त्याला सीलर, म्हणजे दगडाची बारीक छिद्रं बुजवणारा लेप, लावावं लागेल आणि काही काळाने पुन्हा लावावं लागेल. डाग नसेल तर सीलरचा आग्रह धरू नका.

संगमरवराची गोष्ट वेगळी. तो सुंदर आहे हे मला पुरतं मान्य आहे. पण तो मूळचा चुनखडीचा. लिंबू किंवा व्हिनेगर सांडलं की आम्लाची त्याच्याशी प्रक्रिया होते आणि चकाकी तेवढ्या जागी मरते. याला डाग म्हणता येत नाही, तिथला पृष्ठभागच खाल्ला गेलेला असतो. सीलरमुळे रंग आत मुरणं लांबतं, आम्लाचा हा परिणाम थांबत नाही. शिवाय कठीणपणाच्या एक ते दहाच्या ‘मोह’ मापावर तो तीनच्या आसपास, ग्रॅनाइट सहा-सातच्या. हे सगळं माहीत असूनही कुणाला संगमरवरच हवा असेल तर मी अडवत नाही, पण सिंक आणि शेगडीपासून लांबच्या भागावर तो घालावा असं सुचवते.

क्वार्ट्झ नावाने जो ओटा विकतात तो खाणीतून अखंड निघत नाही. क्वार्ट्झचा चुरा वजनाने साधारण नव्वद टक्के, आणि बाकी राळेसारखा रेझिन व रंग. ते एकत्र दाबून स्लॅब करतात. तो पाणी पीत नाही, सीलर लागत नाही, दोन स्लॅबचा रंग बराचसा जुळतो. दुबळी बाजू रेझिनची. तापलेल्या भांड्याने त्यावर कायमचा पिवळट किंवा पांढुरका ठसा उठतो, आणि सतत उन्हात राहिला तर रंग बदलतो. खिडकीतून थेट ऊन येणाऱ्या ओट्यासाठी तो मी सुचवत नाही.

याच दगडाबद्दल एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. क्वार्ट्झ कोरडा कापला की सिलिकाची, म्हणजे क्वार्ट्झ ज्याचा बनलेला असतो त्या पदार्थाची, धूळ उडते. तिचे सगळ्यात घातक कण डोळ्यांना दिसतही नाहीत. ते फुप्फुसात खोल जाऊन बसतात आणि सिलिकोसिस होतो. या आजाराने फुप्फुसाचं झालेलं नुकसान भरून निघत नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली, ती याच कारणाने. तिथे दगड कापणारे तरुण कामगार आजारी पडत होते. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, प्रमाण कमी, पण असते. तेव्हा दगड कुठलाही असो, कापताना पात्यावर पाणी सोडलेलं असलं पाहिजे आणि कामगाराच्या तोंडावर त्या धुळीसाठीचा नीट बसणारा मास्क असला पाहिजे. नुसता रुमाल पुरत नाही. तुमच्या घरात कुणी कोरडा ग्राइंडर चालवायला लागला तर काम थांबवा. घर पांढरं होईल ही भीती दुय्यम आहे. समोरचा माणूस ती धूळ दिवसभर, रोज, श्वासातून घेतो.

लाकूड उबदार वाटतं, पण सिंकजवळ सतत ओलं राहिलं की काळं पडतं, आणि त्याला नियमित तेल द्यावं लागतं. स्टीलवर ओरखडे उठतात, ते मान्य असेल तर त्याच्याइतकं बिनघोर काही नाही. लॅमिनेट, म्हणजे बोर्डावर चिकटवलेला फॉर्मायकासारखा पातळ थर, हलकं आणि स्वस्त. १९१२ साली फॉर्मायका निघालं ते विजेच्या उपकरणांत अभ्रकाला, म्हणजे मायकाला, पर्याय म्हणून. लॅमिनेटचा शत्रू एकच: सांध्यातून आत गेलेलं पाणी. खालचं बोर्ड फुगलं की ते पुन्हा बसत नाही.

दगड पसंत करायला जाल तेव्हा हातभर नमुन्यावर विसंबू नका. अख्खा स्लॅब उभा करून पाहा. त्यावर ओलं फडकं फिरवा आणि बाजूने, प्रकाशाच्या तिरक्या रेषेत बघा. जिथे रेघ दिसते तिथून नख आडवं ओढा. नख अडकलं, किंवा रेघेची एक बाजू किंचित वर लागली, तर चिरेचा संशय घ्या. नख सरळ सरकलं तर बहुधा दगडाची नैसर्गिक शीर आहे. मग पाठीमागची बाजू पाहा. जाळी चिकटवलेली असेल तर का चिकटवली ते विचारा. कधी ती फक्त काळजीपोटी असते, कधी दगड मुळातच कच्चा असतो म्हणून.

बसवण्याच्या कामात क्रम चुकवू नका. आधी खालची कपाटं किंवा आधार पक्के करायचे, पाणसळ लावून लांबी-रुंदी दोन्हीकडे समपातळी तपासायची, आणि त्यानंतरच दगडाचं माप घ्यायचं. भिंती सहसा गुण्यात, म्हणजे अचूक काटकोनात, नसतात. कोपऱ्यात गुण्या धरून बघा, पटेल. म्हणून नुसतं टेपने मोजण्यापेक्षा जागेवर पातळ प्लायचा किंवा पुठ्ठ्याचा साचा केलेला बरा. तीन मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद आणि वीस मिलिमीटर जाड ग्रॅनाइट जवळजवळ शंभर किलो भरतो. तो उभाच न्यायचा, आडवा उचलला तर स्वतःच्या वजनाने मोडू शकतो. जिना, वळण आणि दरवाजा यांतून तो जाईल का, हे आधीच पाहा.

उंचीचं माप पुस्तकातून घेऊ नका. नव्वद सेंटिमीटर ही रूढ उंची आहे, पण सगळ्यांना ती सोयीची नसते. घरात जो जास्त स्वयंपाक करतो त्याला नेहमीच्या चपला घालून उभं करा, कोपर काटकोनात वाकवायला सांगा आणि कोपरापासून दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली भिंतीवर खूण करा. दगडाची जाडी धरून ओटा त्या खुणेला यायला हवा.

सांधा द्यावाच लागला तर तो सिंकवर किंवा शेगडीच्या भोकावर येऊ देऊ नका, आणि दोन्ही तुकडे एकाच स्लॅबचे मागा. पुढच्या कडेच्या खालच्या अंगाला, काठापासून थोडं आत, एक बारीक खाच मारून घ्या. कडेवरून ओघळलेलं पाणी त्या खाचेपाशी सुटून खाली पडतं, कपाटाच्या दारांवर जात नाही. भिंत आणि ओटा यांच्यामधली फट सिमेंटने बुजवू नका. दोन्ही थोडी थोडी हलतात आणि सिमेंटला भेग जाते. तिथे सिलिकॉन हवं. ते बहुधा चोवीस तासांत सुकतं, तोवर पाणी लागू देऊ नका.

आणि शेवटचे पैसे चुकते करण्याआधी, सिलिकॉन सुकल्यावर, एक तास काढा. सिंकखालच्या कपाटात कोरडं वर्तमानपत्र अंथरा. सिंक काठोकाठ भरा, भिंतीच्या सांध्यावर तांब्याभर पाणी ओता आणि मग सिंक एकदम मोकळं करा. टॉर्च घेऊन खाली वाका आणि कागदावर कुठे ओल आली आहे का ते बघा. आली असेल तर त्या जागेचा फोटो काढा आणि कारागिराला त्याच दिवशी बोलवा.

नमस्कार.