पेवातला कंदील

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या बीडकडं पूर्वी ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीत खणलेल्या खोल, अरुंद तोंडाच्या खड्ड्यात साठवत. पेव उघडलं की जाणती माणसं कुणालाच लगेच आत उतरू देत नसत. तोंड मोकळं करून ठेवायचं, मग दोरीला बांधून कंदील सोडायचा. विझला, तर उतरायचं नाही.

कंदील विझायचा तो ज्वारीमुळं. दाणा जिवंत असतो, श्वास घेतो. ऑक्सिजन संपवतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. पण हा वायू वर का येत नाही?

शाळेत आपण घोकलेलं असतं : बाष्पघनता, म्हणजे एखादा वायू हायड्रोजनच्या किती पट जड, ती त्याच्या रेणुवस्तुमानाच्या, म्हणजे रेणूच्या वजनाच्या आकड्याच्या निम्मी. निम्मीच का, हे मात्र बहुतेकांनी विचारलेलं नसतं, मीही नव्हतं. अ‍ॅव्होगाड्रो या इटालियन शास्त्रज्ञानं 1811 साली मांडलं, की तापमान आणि दाब सारखे असतील तर सारख्या आकारमानात वायूंचे रेणूही सारखेच मावतात. म्हणजे दोन सारखे डबे घ्या, एकात हायड्रोजन, दुसऱ्यात कार्बन डायऑक्साइड. रेणू तेवढेच, मग वजनातला फरक एकेका रेणूचाच. हायड्रोजनचा रेणू 2, याचा 44. बाविसपट! निम्मं येतं ते त्या 2 मुळं.

पेवात मात्र हायड्रोजन नसतो, हवा असते. हवेचं सरासरी रेणुवस्तुमान 29 च्या आसपास. 44 भागिले 29, म्हणजे दीडपट जड. अंगणात हा वायू पायाशी थर करून बसत नाही, वारा त्याला मिसळून टाकतो. पेवात तो तळाशीच तयार होतो, तोंड अरुंद, वारा नाही. मग हलणार कुठं?

स्वयंपाकाचा गॅसही तसाच. प्रोपेन 44, ब्युटेन 58. गळती झाली की तो जमिनीलगत पसरतो. म्हणून नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दार उघडायचं. आणि पंख्याच्या बटणाला हात लावायचा नाही.

गोबरगॅस चकवतो. त्यातला मिथेन 16, हवेच्या जवळपास निम्मा. पण सोबत कार्बन डायऑक्साइड असतो. साठ-चाळीसचं मिश्रण धरलं तर हिशेब 27 वर येतो, जवळजवळ हवेइतकाच. त्यामुळं तो झटकन वर निघून जाईल, या भरवशावर राहू नका.

आणि तिथं कंदीलही सोडू नका. मिथेन पेट घेतो. शेणाच्या टाकीतला हायड्रोजन सल्फाइड तर 34, हवेहून जड. ज्योत नीट जळत असतानाही तो माणसाला पाडतो.