हद्दीवरची वाट : रेनस्टाइगच्या शेवटच्या टप्प्याविषयी

(पुण्यातील डोंगरप्रेमींपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मित्रहो, जर्मनीच्या मध्यभागी, थुरिंगिया राज्यातील डोंगररांगेच्या माथ्यावरून रेनस्टाइग नावाची एक जुनी पायवाट जाते. वायव्येला वेरा नदीकाठच्या ह्योर्शेल गावी ती सुरू होते आणि आग्नेयेला साले नदीकाठच्या ब्लांकेनस्टाइन गावी संपते. तिची लांबी सुमारे १७० किलोमीटर आहे. अधिक सवड असलेले लोक ती आठवडाभरात सलग चालतात. आज मला सबंध वाटेचे वर्णन करायचे नाही. तिच्या शेवटच्या, पूर्वेकडील एका दिवसाच्या टप्प्याविषयीच बोलायचे आहे, कारण सीमा म्हणजे काय आणि ती पुसली गेल्यावर जमिनीवर तिचे काय उरते, हे इतक्या थोड्या अंतरात दाखवणारी दुसरी वाट माझ्या पाहण्यात नाही.

शेजारच्या बव्हेरिया राज्यातील श्टाइनबाख आम वाल्ड या गावी रेल्वे स्थानक आहे. तेथून निघून ब्लांकेनस्टाइनपर्यंत सुमारे तीस किलोमीटर चालावे लागते. राजगड-तोरणा एका दिवसात करणाऱ्यांना हे अंतर जड जाणार नाही, कारण वाट धारेवरून जाते, चढउतार सौम्य आहेत आणि झाडांवर, खांबांवर रंगवलेले पांढरे ‘आर’ हे अक्षर चुकू देत नाही. मात्र एवढे अंतर घाईने कापण्यात काही अर्थ नाही. ज्यांना सावकाश चालायचे आहे त्यांनी पुढच्या ब्रेनर्सग्र्यून गावापासून आरंभ करावा. मग वीस-बावीस किलोमीटर उरतात आणि वाटेतले दगड वाचायला वेळ मिळतो.

दगड वाचायला, असे मी मुद्दाम म्हणतो. या वाटेचा लेखी उल्लेख १३३० सालापासून सापडतो, आणि तिच्या कडेने हद्दीचे हजाराहून अधिक दगड आजही उभे आहेत. जर्मनी हे एक राष्ट्र होण्यापूर्वी हा मुलूख लहानलहान राजवटींमध्ये विभागलेला होता आणि प्रत्येक राजवट आपल्या वनाची, शिकारीची आणि लाकडाची हद्द डोंगराच्या धारेवर आखत असे. ब्रेनर्सग्र्यूनच्या परिसरातील दगडांवर दोन्ही बाजूंना दोन वेगवेगळ्या राजघराण्यांची राजचिन्हे कोरलेली आहेत. जिथे तीन राजवटींच्या हद्दी एकत्र येत, तिथे तीन धन्यांचा म्हणून वेगळा दगड रोवलेला असे. आपल्याकडे शिवेवरच्या गधेगळावर चंद्र-सूर्य कोरून खाली हद्द मोडणाऱ्याला शापवाणी लिहिलेली असते. इथे शाप नाही, केवळ मालकी आहे. पण दगड हलवणारा माणूस दोन्हीकडे सारखाच गुन्हेगार मानला जाई.

हद्द धारेवरच का आखली जाई, हे सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. पाणी जिथे दोन बाजूंना वाटले जाते ती रेषा कोणालाही दिसते आणि तिच्याविषयी वाद घालता येत नाही. लोणावळ्याच्या आसपास पडणारा पाऊस इंद्रायणीत गेला तर भीमा आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळतो, आणि राजमाचीकडून उल्हास नदीत उतरला तर अरबी समुद्राला. रेनस्टाइगच्या या टप्प्यावर दक्षिणेचे पाणी रोडाख आणि माइन नद्यांमधून ऱ्हाइनला जाते, उत्तरेचे साले नदीतून एल्बला. मात्र ऱ्हाइन आणि एल्ब या दोन्ही नद्या शेवटी उत्तर समुद्रालाच मिळतात, त्यामुळे धारेवर वेगळे झालेले पाणी कित्येक आठवड्यांच्या प्रवासानंतर पुन्हा एकाच समुद्रात येते. या धारेच्या अलीकडे आणि पलीकडे बोली बदलते, घरांची ठेवण बदलते. फक्त घरांच्या छपरांवर आणि भिंतींवर बसवलेल्या काळ्या-निळ्या पाटीच्या दगडाच्या चकत्या मात्र दोन्हीकडे आढळतात, कारण हा दगड जवळच्याच लेहेस्टेनच्या खाणींतून निघत असे.

एकोणिसाव्या शतकापर्यंत या वाटेवर निरोपे, वनरक्षक, लाकूडतोडे आणि चोरटा माल नेणारे एवढेच लोक दिसत. केवळ चालण्यासाठी म्हणून सबंध वाट चालून जाणारा पहिला ज्ञात माणूस युलियुस फॉन प्लेन्कनर. हा भूमापनाचे काम करणारा लष्करी अधिकारी १८३० च्या सुमारास पाच दिवसांत ही वाट चालला. पुढे १८९६ मध्ये रेनस्टाइग संघाची स्थापना झाली आणि खुणा रंगवणे, दगडांची नोंद ठेवणे, निवारे बांधणे ही कामे हौशी लोकांनी अंगावर घेतली. ह्योर्शेलला वेरा नदीतून एक खडा उचलायचा, तो खिशात घेऊन सबंध वाट चालायची आणि ब्लांकेनस्टाइनला साले नदीत टाकायचा, ही चालणाऱ्यांची प्रथा आजही पाळली जाते.

आता या टप्प्याच्या दुसऱ्या, अधिक कठोर सीमेकडे वळतो. १९४५ नंतर थुरिंगिया सोव्हिएत ताब्यात गेला आणि बव्हेरिया अमेरिकेच्या. जुन्या राजवटींची जी हद्द राज्यांमधली किरकोळ रेषा उरली होती, तीच दोन जगांमधली सीमा झाली. १९५२ च्या मे महिन्यात पूर्व जर्मनीच्या सरकारने सुमारे १,४०० किलोमीटर लांबीची ही सीमा बंद केली : सीमेलगत दहा मीटर रुंदीचा नांगरलेला पट्टा, ज्यावर पावलाचा ठसा उमटावा, त्यामागे पाचशे मीटरचा संरक्षित पट्टा, आणि त्यामागे पाच किलोमीटरचा निषिद्ध प्रदेश, जिथे राहण्यासाठीही परवाना लागत असे. सरकारला अविश्वसनीय वाटणाऱ्या कुटुंबांना १९५२ मध्ये आणि पुन्हा १९६१ मध्ये काही तासांच्या आत घराबाहेर काढून आतल्या भागात नेण्यात आले. अशा लोकांची संख्या दहा हजारांहून अधिक होती. नंतर भूसुरुंग आले, लोखंडी जाळीचे कुंपण आले, टेहळणीचे मनोरे आले. रेनस्टाइगचा हा भाग सीमेला अनेक ठिकाणी ओलांडत असल्यामुळे वाट तुकड्यातुकड्यांनी मेली. जे शेतकरी काल कुंपणापलीकडच्या चर्चमध्ये जात होते त्यांना ती इमारत फक्त दुरून दिसू लागली. थोड्या अंतरावरचे म्योडलारॉइट हे गाव तर ओढ्याच्या दोन काठांवर दुभंगले आणि तिथे भिंतही उभी राहिली. सीमा उघडल्यानंतर, २८ एप्रिल १९९० रोजी, रेनस्टाइग पुन्हा अखंड चालता येऊ लागली.

आज त्या जागी चालताना दिसते काय? वाट सीमा ओलांडते तिथे अनेकदा जमिनीवर छिद्रे असलेले सिमेंटचे जाड ठोकळे दोन ओळींत बसवलेले आढळतात. सीमारक्षकांच्या गाड्यांसाठी केलेला तो गस्तीचा रस्ता. त्या छिद्रांतून आता गवत आणि रानफुले उगवली आहेत. कुंपण गेले, मनोरे बहुतेक पाडले गेले. पण दोन्ही बाजूंच्या जंगलाची उंची मध्येच एकाएकी कमी होते, मोठ्या झाडांऐवजी बर्च आणि विलोची कोवळी गर्दी लागते, आणि लक्ष असेल तर ती पट्टी डोंगर उतरून दरीपलीकडे पुन्हा चढताना दिसते.

या पट्ट्याची एक कथा मला विशेष महत्त्वाची वाटते. बव्हेरियाच्या बाजूला, कोबुर्गजवळ राहणारा काइ फ्रोबेल हा तरुण सत्तरच्या दशकात पक्ष्यांच्या नोंदी ठेवत होता. त्याला असे आढळले की व्हिनचॅट नावाचा लहानसा पक्षी आसपासच्या शेतांतून जवळजवळ नाहीसा झाला आहे आणि त्याची घरटी बहुसंख्येने सीमेच्या पट्ट्यातच आहेत. आपल्याकडे हिवाळ्यात पुण्याभोवतीच्या माळांवर उतरणाऱ्या गप्पीदासाचा हा सख्खा नातेवाईक. त्याला उघडे गवताळ रान आणि बसायला उंचवटा लागतो. सीमेचे खांब त्याला ती जागा देत होते. सीमा उघडल्यावर महिन्याभरात, ९ डिसेंबर १९८९ रोजी, होफ शहरात दोन्ही जर्मनीतील सुमारे चारशे निसर्गरक्षक जमले आणि हा पट्टा ‘हरित पट्टा’ म्हणून राखावा अशी मागणी त्यांनी केली. थुरिंगियाने आपल्या हद्दीतील हा पट्टा २०१८ मध्ये राष्ट्रीय निसर्गस्मारक म्हणून घोषित केला.

या कथेवरून ‘सीमेने निसर्गाचे भले केले’ असे विधान सहज केले जाते आणि ते मला मान्य नाही. ज्यांनी पट्टा नांगरला, तणनाशके फवारली आणि गोळीबाराला मोकळी दृष्टी मिळावी म्हणून झुडपे तोडली, त्यांनी पक्ष्यांसाठी काहीही केले नव्हते. पक्षी तिथे आले, कारण बाकी सगळीकडची शेती खते आणि यंत्रांनी इतकी सघन झाली होती की त्यांना जागाच राहिली नव्हती. दोष सीमेच्या दोन्ही बाजूंना होता. शिवाय ज्या रानाविषयी आपण बोलतो ते राखले नाही तर तसे राहत नाही. दहा-पंधरा वर्षे कोणी हात लावला नाही की बर्च वाढतो, मग स्प्रूस, आणि व्हिनचॅटचे रान संपते. म्हणून आज तिथे मेंढ्या चारल्या जातात आणि ठरावीक काळाने झुडपे काढली जातात. आपल्या माळरानांवर सरसकट झाडे लावण्याचा उत्साह ज्यांना येतो, त्यांनी हे समजून घ्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जंगलाविषयीही थोडे स्पष्ट सांगायला हवे. चित्रांत दिसते ते दाट, काळपट, उंच स्प्रूसचे जंगल येथे मूळचे नाही. मूळचे रान बीच, फर आणि अन्य झाडांचे मिश्र होते. काचेचे कारखाने आणि कोळशाच्या भट्ट्या यांनी ते खाल्ले. ओंडके रोडाखच्या प्रवाहातून माइनमध्ये आणि पुढे ऱ्हाइनमध्ये सोडले जात. रिकाम्या जागी लवकर वाढणारा स्प्रूस ओळीने लावला गेला. २०१८ पासूनच्या लागोपाठ कोरड्या उन्हाळ्यांत ही एकसुरी झाडे अशक्त झाली, साल पोखरणारा भुंगेरा त्यांच्यात शिरला आणि या पूर्वेकडील भागात डोंगरच्या डोंगर उघडे पडले. जुन्या नकाशावर जिथे घनदाट वन आहे तिथे आज टेकाडभर बुंधे आणि त्यांच्यामधून नव्याने डोके काढणारी बीच, मॅपल, रोवनची रोपे दिसतात. सावली नसल्यामुळे उन्हाळ्यात पाणी अधिक बाळगावे लागते. दृश्य मात्र मोकळे झाले आहे, आणि अनेक पिढ्यांना न दिसलेला दूरचा मुलूख आता धारेवरून दिसतो. या उजाड उतारांवरून चालणे क्लेशकारक आहे, तरीही मी ते टाळण्याचा सल्ला देणार नाही.

रोडाखरब्रुन, मग श्लेगेल अशी वस्ती मागे टाकत वाट हळूहळू उतरते आणि सेल्बिट्स नदी सालेला मिळते तिथे, ब्लांकेनस्टाइनला संपते. सेल्बिट्सच्या पलीकडे लगेच बव्हेरिया. पूल पुन्हा जोडलेला आहे, आणि तेथून फ्रांकेनवेग ही ५२० किलोमीटरची दुसरी दीर्घ वाट सुरू होते. रेल्वेचे मात्र तसे झाले नाही. ब्लांकेनस्टाइनहून सेल्बिट्सच्या अरुंद घळीतून बव्हेरियातील मार्क्सग्र्यूनला जाणारी गाडी १९४५ मध्ये बंद पडली. तो तुकडा पुन्हा जोडावा अशी मागणी तेथे वर्षानुवर्षे होत आहे, कारण ब्लांकेनस्टाइनला लगदा बनवणारा मोठा कारखाना आहे आणि त्याचे बरेचसे लाकूड रस्त्यावरून येते. त्याला विरोध निसर्गरक्षकांचाच आहे, कारण बंद पडलेल्या मार्गावर आणि घळीत दुर्मीळ वनस्पती आणि प्राणी स्थिरावले आहेत. दोन्ही बाजूंचे म्हणणे मी गंभीरपणे ऐकले आहे. घळीतील बोगदे, कडे आणि पाण्याकाठचे ओले खडक जपून, कमी वेगाची गाडी पुन्हा सुरू करता येईल असे मला वाटते, आणि ती सुरू व्हावी. नाहीतर श्टाइनबाखहून चालत आलेल्या माणसाला परतीसाठी साल्फेल्डकडे लांबचा वळसा घालून, गाडी बदलून, सकाळी जिथून निघाला त्या गावी रात्री उशिरा पोहोचावे लागते.