नागझरीच्या दोन्ही काठांवरचं पुणं

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात पाहुणा आला की कार्यक्रम ठरलेलाच असतो. शनिवारवाडा, दगडूशेठ, सारसबाग, जमलं तर सिंहगड आणि निघताना बाकरवडीचा पुडा. आता शनिवारवाड्यात खरं तर तट, दरवाजे आणि जोतीच उरली आहेत. आतला महाल 1828च्या आगीत गेला. पण त्याच काळातल्या काही गोष्टी तिथून थोडं पूर्वेला गेलं की अजून चालू स्थितीत आहेत, आणि तिथे तिकिटाची रांग नाही.

कसबा पेठ ही शहरातली सगळ्यात जुनी पेठ. आता मेट्रोचं स्थानकही तिच्या नावाचं झालंय. तिथे उतरा आणि तांबट आळी विचारा. पुढचा रस्ता कानच दाखवतील. पर्यटक नाहीत म्हणून या भागाला शांत म्हणायचं, एरवी दिवसभर हातोडीचे ठोके चालू असतात. दारातून डोकावलात तर दिसेल: कारागीर खाली बसलाय, लोखंडी दांड्याच्या टोकावर तांब्याचा हंडा पालथा घातलाय. डाव्या हाताने हंडा जरासा सरकवायचा, उजव्या हाताने ठोका. ठोक्याला चिकटून पुढचा ठोका, ओळीखाली ओळ. याला मठारकाम म्हणतात. आपल्याला ती नक्षी वाटते, पण तिचं खरं काम वेगळंच आहे. ठोकून ठोकून मऊ तांबं कडक होतं, भांड्याला सहजी पोचा येत नाही. चकाकी येते ती वर. पूर्वी इथे बंब आणि घंगाळं घडायची. घरोघरी गिझर आले, बंब माळ्यावर गेले. आता दिवे आणि शोभेच्या वस्तूही होतात. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. आणि काही घ्यायचंच नसेल तर भाव करत बसू नका, पुण्यात त्याचं उत्तर लगेच मिळतं.

तिथून नागझरी ओलांडायची. नावात झरा असला तरी आज तो नाला आहे, तेव्हा काठावर रेंगाळायचं कारण नाही. पलीकडे सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीचं देऊळ आहे. पाया 1754चा, मूर्तीची स्थापना 1770ची, बांधणारे गोसावी. गणपतीला सोंडा तीन, आणि बसलाय मोरावर! पण आत जायची घाई करू नका. काळ्या दगडाच्या दर्शनी भागावर एक गेंडा साखळदंडाने बांधलेला आहे आणि बांधणारे चक्क गोरे शिपाई आहेत. प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी बंगाल गिळला, गेंडा म्हणजे तो बंगाल आणि त्यावरची ही टिप्पणी असावी, असा एक अंदाज आहे. मला तो पटतो. पेशवाई जोरात असताना कुणा पाथरवटाच्या छिन्नीला इंग्रज दिसला, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात वाचण्यापेक्षा इथे भिंतीसमोर उभं राहून बघण्यासारखी आहे. आत संस्कृत आणि फारसी शिलालेख शेजारी शेजारी आहेत. खाली तळघरात समाधी आहे. ते गुरुपौर्णिमेला उघडतात.

पायात बळ असेल तर दक्षिणेकडे चालत गंज पेठेत या, म्हणजे आताच्या महात्मा फुले पेठेत. फुल्यांचा वाडा बैठा, साधा आहे. तिथला हौद नीट बघा. जोतीरावांनी 1868 साली अस्पृश्य मानलेल्यांना तो खुला केला, तोही स्वतःच्या घरचा.

हे सगळं पायी एका सकाळी होतं. चारचाकी मात्र आणू नका. सोमवार पेठेतल्या बोळात ती वळवायला घेतलीत, तर डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या म्हणत अख्खी गल्ली बाहेर येईल, आणि कुणाचंच एकमत होणार नाही.

नमस्कार.