मुंबई जिच्या लग्नात आंदण गेली

नमस्कार श्रोतेहो. ‘पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांना आंदण दिली’ हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलं. ती नवरी कोण आणि सासरी तिचं काय झालं, ते मात्र त्या धड्यात नव्हतं.

ब्रागांझाची कॅथरिन. जन्म २५ नोव्हेंबर १६३८, पोर्तुगालमधल्या व्हिला व्हिसोझा गावचा. ती दोन वर्षांची असताना पोर्तुगाल स्पेनपासून सुटा झाला आणि तिचे वडील राजे झाले. स्पेनला ते मान्य नव्हतं, म्हणून पोर्तुगालला इंग्रजांची फौज हवी होती. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला हवा होता पैसा. जून १६६१ मध्ये तह झाला: कॅथरिनचं लग्न चार्ल्सशी, आणि तिच्यासोबत आंदण म्हणून वीस लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी), मोरोक्कोतलं टँजिअर बंदर, मुंबई आणि व्यापाराच्या सवलती. एवढी रोकड जमेना, तेव्हा पहिल्या हप्त्यापोटी साखर आणि इतर माल जहाजांवर चढवला गेला.

मे १६६२ मध्ये पोर्ट्समथला दोन लग्नं लागली. कॅथलिक विधी गुपचूप, अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चचा विधी उघड. इंग्रजी तिला येत नव्हतं.

खरी कसोटी पुढेच होती. राणीच्या खासगी दालनात कोणत्या सरदारस्त्रिया असाव्यात, याची यादी राजाकडून येई. तीत बार्बरा पामरचं नाव होतं, चार्ल्सच्या प्रेयसीचं. कॅथरिनने ते खोडलं. मग राजाने बार्बराला भर दरबारात तिच्यासमोर आणलं. ही कोण हे कळताच राणीच्या नाकातून रक्त आलं आणि ती बेशुद्ध पडली. ती माहेरी जायची भाषा बोलू लागली, तेव्हा चार्ल्सने तिची बहुतेक पोर्तुगीज माणसंच परत पाठवली. परक्या दरबारात राणीचं बळ म्हणजे तिची माणसं. ती गेल्यावर काही महिन्यांत तिला नमावंच लागलं. याला मी दुबळेपणा म्हणणार नाही.

इकडे आंदणही सुखासुखी पोचलं नाही. तहात ‘मुंबईचं बंदर आणि बेट’ एवढंच होतं. इंग्रज साष्टी-ठाणंही मागू लागले आणि पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कागदपत्रांतल्या त्रुटी काढून ताबाच नाकारला. ताबा घ्यायला आलेल्या अब्राहम शिपमनची सुमारे चारशे माणसं कारवारजवळच्या अंजदीव बेटावर खोळंबली. रोगराईने बहुतेक दगावली, शिपमनही गेला. ताबा मिळाला फेब्रुवारी १६६५ मध्ये. तीन वर्षांनी राजाने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली, वार्षिक दहा पौंड भाड्याने!

तिने इंग्लंडला चहा आणला असं सांगतात, ते खरं नाही. लंडनच्या कॉफीगृहांत चहा आधीपासून विकला जाई. दरबारात त्याला मान मिळाला, तो मात्र तिच्यामुळे.

तिचे गर्भ टिकले नाहीत. १६७८ मध्ये टायटस ओट्स नावाच्या, कॅथलिकांच्या कटाच्या खोट्या कहाण्या रचणाऱ्या माणसाने तिच्यावर राजाला विष घालण्याच्या कटाचा आरोप केला. कॅथलिक राणीवर असा आरोप त्या काळी सहज खपला असता. तिला सोडून दुसरं लग्न कर, असा सल्ला चार्ल्सला अनेकांनी दिला होता. तो या वेळीही तिच्या बाजूने उभा राहिला. याच आरोपात गोवलेला तिचा वैद्य वेकमन १६७९ मध्ये निर्दोष सुटला.

चार्ल्सच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी ती मायदेशी निघाली. १७०४-०५ मध्ये पोर्तुगालचा राजा असलेला तिचा भाऊ पेद्रो आजारी पडला, तेव्हा राज्याचा कारभार तिच्या हाती आला. स्पेनशी पुन्हा युद्ध पेटलं होतं. पासष्टी ओलांडलेल्या कॅथरिनने ते चालवलं, आणि सरहद्दीवरची ठाणी जिंकल्याच्या बातम्या लिस्बनमध्ये तिच्याच नावे आल्या. ३१ डिसेंबर १७०५ रोजी बेम्पोस्ता राजवाड्यात, स्वतः बांधवून घेतलेल्या घरात, तिचं निधन झालं.