साखळी लांबली, म्हणजे थर नुसता जाड झाला का?

नमस्कार. सोन्यावरच्या एकरेणवीय, म्हणजे एकाच रेणूइतक्या जाडीच्या थरांबद्दल बोलल्यापासून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येत राहिला आहे, तो म्हणजे या रेणूंची कार्बनची साखळी लांब घेतल्याने जाडीखेरीज आणखी काय बदलते. मूळ गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे: अल्केनथायॉलच्या (एका टोकाला गंधक असलेल्या कार्बन-साखळीच्या रेणूच्या) विरल द्रावणात सोन्याची पट्टी बुडवली की गंधकाचे टोक सोन्याला धरते, कार्बनची शेपटी बाहेर राहते आणि थर आपोआप तयार होतो.

या थरात साखळ्या लंबापासून सुमारे 30 अंश कललेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक कार्बनमागे जाडी साधारण 0.11 नॅनोमीटरने वाढते. जाडी अशी सरळ रेषेत वाढते, तेव्हा थराची प्रतही तशीच सुधारत असणार, हे गृहीतक मात्र मला मनापासून खटकते.

गंधकाचे अणू एकमेकांपासून सुमारे 0.5 नॅनोमीटरवर बसतात आणि साखळीला एवढी ऐसपैस जागा लागत नाही. मधली पोकळी भरून काढण्यासाठीच साखळ्या कलतात व एकमेकींना बिलगतात. हे बिलगणे प्रत्येक मिथिलीन गटाच्या (साखळीतला एक कार्बन आणि त्याचे दोन हायड्रोजन) क्षीण आकर्षणावर अवलंबून असते. चार-पाच गटांच्या आकर्षणाची बेरीज उष्णतेमुळे होणाऱ्या हालचालीपुढे अपुरी पडते, दहा-बारा गटांची पुरते.

अवरक्त वर्णपटही हेच सांगतो. लांब साखळ्यांत मिथिलीनच्या असममित ताणाचे (त्याच्या बंधांच्या एका प्रकारच्या कंपनाचे) शिखर 2918 प्रतिसेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे स्फटिकात असते तसे मिळते. आखूड साखळ्यांत ते द्रवात मिळणाऱ्या मूल्याच्या दिशेने वर सरकते. जाडी मोजून हा फरक कधीही कळला नसता.

तिसरा पुरावा विद्युतरसायनाचा आहे. पोर्टर, ब्राइट, अलारा आणि चिडसी या संशोधकांनी 1987 मध्ये वेगवेगळ्या लांबीचे थर तपासले, तेव्हा लांब साखळ्यांचे थर द्रावणातल्या आयनांना (विद्युतभारित कणांना) चांगले अडवताना दिसले, तर लांबी कमी होत गेली तशी थरांची घडण विस्कळीत होत गेली. म्हणजे आखूड साखळीचा थर हा लांब साखळीच्या थराची पातळ आवृत्ती नव्हे.

‘पाण्याचा थेंब थरावर गोल बसला, म्हणजे थर उत्तम’ असे अनेकजण प्रतिक्रियांत लिहितात. पण पाण्याला फक्त साखळ्यांच्या वरच्या टोकांचे मिथिल गट दिसतात, आतली रचना नाही. पट्टी द्रावणात बुडवल्यावर काही मिनिटांतच स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन) अंतिम मूल्याच्या जवळ जातो, पण साखळ्या नीट रचल्या जाण्यास कित्येक तास लागतात, म्हणून पट्टी रात्रभर बुडवून ठेवण्याची पद्धत आहे.

‘मग तीस कार्बनांची साखळीच का घेऊ नये?’ असेही एकाने विचारले आहे. इतके लांब रेणू इथेनॉलमध्ये नीट विरघळत नाहीत. शिवाय थरातून इलेक्ट्रॉन पार जायला हवे असतील, तर प्रत्येक वाढत्या कार्बनमागे प्रवाह ढोबळमानाने अडीच ते तीन पटींनी घटतो. आयन अडवायचे असतील तर सोळा-अठरा कार्बन घ्यावेत. प्रवाह मोजायचा असेल तर त्याहून आखूड साखळी घेऊन थोडी अव्यवस्था पत्करावी लागते.