स्लॅश टेंपची साफसफाई : फाइल जुनी झाली हे ठरवायचे कसे?

[पडद्यावर काळे टर्मिनल. एक कमांड दिली जाते आणि तिच्याखाली एकच ओळ उमटते.]

या ओळीच्या सुरुवातीला, कोणाला काय करण्याची परवानगी आहे हे सांगणारा, दहा अक्षरांचा एक पुंजका आहे : डी, त्यानंतर दोनदा आर-डब्ल्यू-एक्स, आणि सर्वांत शेवटी आर-डब्ल्यू-टी. जिथे एक्स असायला हवे होते, तिथे टी आहे. यूनिक्स आणि त्याच्या वळणावर घडलेल्या लिनक्ससारख्या प्रणालींमध्ये तात्पुरत्या फाइलींसाठी स्लॅश टेंप नावाची जी डिरेक्टरी असते, तिचे सारे वेगळेपण या एका अक्षरात सामावले आहे. स्लॅश टेंप ही एक धर्मशाळा आहे. इथे कोणीही यावे, आपली वळकटी ठेवावी, मात्र दुसऱ्याच्या वळकटीला हात लावू नये. टी हे अक्षर म्हणजे स्टिकी बिट. १९८६ साली आलेल्या ४.३ बीएसडी या यूनिक्सच्या आवृत्तीपासून डिरेक्टरीवरील या बिटाला आजचा अर्थ मिळाला. फाइलचा मालक, डिरेक्टरीचा मालक किंवा रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, यांच्याखेरीज कोणालाही ती फाइल पुसता येत नाही आणि तिचे नावही बदलता येत नाही.

पण उतारू आपले सामान नेतोच असे नाही. यूनिक्सचा जुना टेक्स्ट एडिटर एड, आपण लिहीत असलेला मजकूर स्लॅश टेंपमधल्या एका फाइलमध्ये ठेवत असे. त्या फाइलच्या नावात आरंभी ई हे अक्षर आणि पुढे प्रोसेसचा, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामचा, क्रमांक असे. काम नीट संपले तर एड ती फाइल स्वतःच पुसत असे, पण मध्येच वीज गेली किंवा प्रोसेस मारली गेली, तर ती तशीच मागे राहायची. आजचे कंपायलर, ब्राउझर आणि डेटाबेस यांची सवय याहून निराळी नाही. म्हणून साफसफाई करावी लागते, आणि ती रोज, माणसाच्या देखरेखीविना, रूटच्या अधिकाराने करावी लागते. सारा धोका याच तीन गोष्टी एकत्र येण्यात आहे.

[पडद्यावर एकाच फाइलच्या तीन वेळा दिसतात.]

पहिला प्रश्न साधा वाटतो, पण तसा तो नाही : जुनी म्हणजे कोणती? प्रत्येक फाइलजवळ तीन वेळांची नोंद असते. एटाइम म्हणजे ती शेवटची कधी वाचली गेली, एमटाइम म्हणजे तिच्यातील मजकूर शेवटचा कधी बदलला, आणि सीटाइम म्हणजे तिची मालकी, परवानगी किंवा मजकूर यांत शेवटचा फेरफार कधी झाला. अनेकजण फक्त एमटाइम पाहतात. समजा, एका विद्यार्थिनीने आज सकाळी २०१९ सालची आकडेवारी असलेले टार संग्रहण, म्हणजे अनेक फाइली एकत्र बांधलेले गाठोडे, स्लॅश टेंपमध्ये उघडले. टार हे फाइलींना त्यांचा मूळचा एमटाइम परत देते, त्यामुळे तासाभरापूर्वी आलेल्या त्या फाइली साफसफाईच्या नजरेला कित्येक वर्षांच्या वाटतात आणि रात्री नाहीशा होतात. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे. केवळ एटाइमवर विसंबावे, तर डिस्क नोएटाइम, म्हणजे वाचल्याची वेळ न नोंदवण्याच्या, पर्यायाने जोडलेली असू शकते, आणि मग रोज वाचली जाणारी फाइलही कोणी कधी उघडलीच नाही अशी भासते. माझ्या मते तिन्ही वेळा पाहून त्यांतली सर्वांत अलीकडची वेळ धरावी, हाच प्रामाणिक मार्ग आहे. सिस्टीमडी-टेंपफाइल्स हा साफसफाईचा कार्यक्रम मूळ रचनेत जवळपास हेच करतो.

दुसरा धोका मात्र चुकीतून नव्हे, तर कपटातून येणारा आहे, आणि तो सावकाश समजून घेण्यासारखा आहे. फाइंड ही कमांड जुन्या फाइली शोधते आणि प्रत्येकीचा पूर्ण मार्ग आरएम या कमांडच्या हाती देते. रूटच्या क्रॉनमध्ये, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, अशी ओळ अनेकांनी वर्षानुवर्षे ठेवली. आता एखादा खोडसाळ वापरकर्ता स्लॅश टेंपमध्ये स्वतःची डिरेक्टरी करतो आणि तिच्यात पासडब्ल्यूडी नावाची फाइल ठेवून तिची तारीख मागे नेतो. फाइंड ती फाइल पाहते आणि जुनी ठरवते. फाइंडचे पाहणे आणि आरएमचे पुसणे यांच्यामध्ये क्षणभराची फट असते. त्या फटीत तो वापरकर्ता आपली डिरेक्टरी बाजूला सारून, त्याच नावाने स्लॅश ईटीसी या प्रणालीच्या डिरेक्टरीकडे नेणारी सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या ठिकाणी वळवणारी पाटी, ठेवतो. आरएम मिळालेल्या मार्गाने निमूटपणे चालत जाते आणि प्रणालीतील सर्व वापरकर्त्यांची यादी असलेली खरी फाइल पुसून टाकते. हा डाव १९९० च्या दशकातच उघड झाला होता. फाइंडचा स्वतःचा डिलीट हा पर्याय असा पूर्ण मार्ग पुन्हा चालत नाही, म्हणून तो अधिक सुरक्षित आहे.

आज बहुतेक लिनक्सवर हे काम सिस्टीमडी-टेंपफाइल्सकडे असते. यंत्र सुरू झाल्यावर १५ मिनिटांनी आणि त्यानंतर दिवसातून एकदा ते चालते. त्याच्या मूळ नियमांनुसार स्लॅश टेंपमधील फाइलींना १० दिवसांची, तर स्लॅश व्हार स्लॅश टेंपमधील फाइलींना ३० दिवसांची मुदत असते, कारण व्हारमधल्या तात्पुरत्या फाइली यंत्र पुन्हा सुरू झाल्यावरही टिकाव्यात असा संकेत आहे. एखाद्या प्रोग्रामने आपल्या डिरेक्टरीवर कुलूप लावले असेल, तर ती डिरेक्टरी वगळली जाते. पण या कार्यक्रमाचे नाव फसवे आहे. वापरकर्त्यांच्या स्वतःच्या फाइली असणाऱ्या स्लॅश होमसारख्या कायमच्या डिरेक्टरी निर्माण करण्याचे नियमही त्याच्याकडेच असतात. जून २०२४ मध्ये, २५६ व्या आवृत्तीत नव्याने आलेला पर्ज हा पर्याय काहींनी तात्पुरत्या फाइली काढण्यासाठी म्हणून चालवला, आणि त्यांची संपूर्ण होम डिरेक्टरी पुसली गेली. कोणत्या नियमांनुसार पुसायचे ती फाइल नेमकी सांगितल्याशिवाय पर्ज चालणार नाही, अशी दुरुस्ती लगेचच्या आवृत्तीत करण्यात आली.

[पडद्यावर डीएफ कमांडचा निकाल. डिस्क १०० टक्के भरलेली.]

आता हे दृश्य पाहा. डिस्क भरली म्हणून व्यवस्थापकाने स्लॅश टेंपमधील एक प्रचंड फाइल पुसली. फाइलींनी व्यापलेली जागा मोजणारी डीयू म्हणते, फाइल नाही; डिस्कवरील रिकामी जागा दाखवणारी डीएफ म्हणते, डिस्क भरलेलीच आहे. दोघेही खरे सांगत आहेत. यूनिक्समध्ये पुसणे म्हणजे डिरेक्टरीतून नाव काढणे. ज्या प्रोसेसने ती फाइल उघडून धरली आहे, तिच्यासाठी मजकूर आणि त्याची जागा दोन्ही तशीच राहतात. एलएसओएफ कमांड अशा बिननावाच्या फाइली दाखवते, आणि त्या यादीत प्रोसेसचा क्रमांकही असतो. व्यवस्थापक ती सेवा पुन्हा सुरू करतो. जुनी प्रोसेस थांबते, तिच्या हातातली फाइल सुटते, आणि डीएफचा आकडा खाली येतो.