आधी लिहा, मग वाचा

(दृश्य: चर्चगेट स्थानकाबाहेर डब्यांची वाटणी. एका झाकणाचा क्लोजअप.)

मुंबईच्या डबेवाल्यांचा डबा. झाकणावर मधोमध मोठा आकडा, डबा कोणत्या भागात जायचा त्याचा. एका बाजूला पोचवणाऱ्याची खूण, इमारत, मजला. दुसऱ्या कडेला डबा जिथून निघाला त्या उपनगराची अक्षरं. पत्ता कुठेच नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये या व्यवस्थेवर केस काढली, म्हणजे वर्गात चर्चेसाठी लिहिलेलं खरं उदाहरण.

(दृश्य: पायऱ्यापायऱ्यांचा वर्ग, वर गेलेले हात.)

तिथल्या वर्गात साधारण ९० विद्यार्थी आणि तास ८० मिनिटांचा. माणशी मिनिटसुद्धा येत नाही, बोलके बोलून जातात. म्हणून चर्चेचा पहिला भाग वर्गाआधीच, ऑनलाइन आणि लेखी घ्यायचा.

(दृश्य: मूडलच्या सेटिंगचा पडदा.)

मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीत चर्चेचा प्रकार ‘क्यू अँड ए’ निवडा. यात स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय दुसऱ्याचं दिसत नाही. टाकल्यावरही लगेच नाही. दुरुस्तीची मुदत, मूळ सेटिंगनुसार ३० मिनिटं, आधी संपावी लागते. हे सांगून ठेवलं नाही तर ‘सर, काहीच दिसत नाही’ असे फोन सुरू होतात.

गट ८ ते १० जणांचे करा. ‘सेपरेट ग्रुप्स’, म्हणजे प्रत्येक गटाची चर्चा वेगळी, हे लावलंत तर प्रश्न प्रत्येक गटात वेगळा टाकायचा. ‘ऑल पार्टिसिपंट्स’साठी टाकलेला प्रश्न मुलांना दिसतो, पण त्याखाली उत्तर लिहिता येत नाही. पहिला आठवडा बहुतेक इथेच वाया जातो.

(दृश्य: पडद्यावर सरकणारी उत्तरं.)

‘डबेवाल्यांच्या यशाचं रहस्य काय?’ असं विचारलं की शिस्त, निष्ठा, टीमवर्क. चाळीस उत्तरं, मजकूर एकच. त्यापेक्षा निर्णय मागा: डबेवाल्यांच्या गटातला एक जण महिनाभर गावी गेलाय, गिऱ्हाइकं तेवढीच आहेत. बदली माणूस घ्याल, की त्याचे डबे बाकीच्यांत वाटाल? १५० शब्द, केसमधल्या किमान एका आकड्यासह.

पहिलं उत्तर बुधवारी रात्री १० पर्यंत, दोन प्रत्युत्तरं शुक्रवारपर्यंत. मुदत एकच ठेवली तर सगळं शेवटच्या तासात येऊन पडतं आणि प्रत्युत्तराला कोणी उरत नाही. नुसत्या ‘सहमत’ला गुण नाहीत. गुरुवारी शिक्षकाने तोंड उघडू नये. सरांचं मत पडलं की पोरं त्याच बाजूला झुकतात.

(दृश्य: रात्र. लॅपटॉपसमोर शिक्षिका.)

हे सगळं वाचण्याचा वेळ कामाच्या तासांत सहसा धरला जात नाही.

(दृश्य: सोमवारचा वर्ग.)

वर्गात तीच चर्चा पुन्हा करू नका. एकमेकांना छेद देणारी दोन उत्तरं पडद्यावर लावा. ती लिहिणाऱ्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा: सुरुवात तुम्ही करायची.